नात जेवत नाही: मार्च ते जुलै २०२५ च्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून वही सुरू. (काही नोंदींत पुढे काय झालं ते मागाहून भरलं आहे.) मी बेस्टच्या विक्रोळी डेपोत फिटर होतो. गाडी आत आली की आधी चालकाची तक्रार लिहून घ्यायची, मग पान्याला हात लावायचा, अशी सवय. नातीच्या बाबतीत घरात सगळ्यांच्याच हातात पाने आहेत, तक्रार मात्र कुणी धड लिहिलेली नाही.

परिस्थिती अशी: हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती पलंगावरून सूचना देते. मुलगा आणि सून आठच्या आत घराबाहेर. दिवसभर नात माझ्याकडे. वय सोळा महिने, वजन ९.१ किलो. तक्रार: काहीच जेवत नाही.

गेले काही दिवस काहीही न बदलता नुसतं मोजलं. उठल्या उठल्या बाटली, २४० मिली. नऊला नाचणीचं सत्त्व, त्यातलं निम्मं फडक्यावर. साडेदहाला किरकिरली की बाटली, २०० मिली. बाराला मिक्सरमधून काढलेलं खिमट, तेही मोबाईलवर गाणी लावून. दोनला झोपताना बाटली, २०० मिली. चारला आमच्या चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट. मग समोरच्या काकूंकडे वेफर नाहीतर कुरमुरे. रात्री वरणभात, पुन्हा मिक्सर, पुन्हा थू. झोपताना २४० मिली आणि पहाटे डोळे मिटूनच आणखी १२०.

बेरीज केली तर दूधच लिटरभर. पोरीचं पोट दिवसभर भरलेलं असतं आणि भरल्या पोटी ती जेवण नाकारते. मी असतो तर मीही नाकारलं असतं.

५ मार्च, बुधवार

सोळा ते अठरा महिन्यांच्या दरम्यानचा बूस्टर द्यायचा होता, त्याच फेरीत डॉक्टरीणबाईंना वही दाखवली. त्यांनी आधी वाढीचा आलेख काढला. मधल्या रेषेच्या जरा खाली आहे, पण रेषा घसरलेली नाही. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. म्हणून वर्षाच्या आसपास भूक आपोआप कमी होते. घरच्यांना वाटतं मूल बिघडलं.

पण पापणीच्या आतला भाग फिका दिसला म्हणून रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.२. या वयात ११ च्या पुढे हवं असतं. कारण त्यांनी वहीतूनच काढून दाखवलं: दूध. गाईम्हशीच्या दुधात लोह नसल्यासारखंच, त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही आणि लिटरभर दुधाने पोट भरलं की लोह असलेलं अन्न आत जायला जागाच उरत नाही. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. त्यापुढे जे मिळायचं ते ताटातूनच. चहातलं बिस्किट तर दुहेरी नुकसान, कारण चहाही लोह अडवतो.

सूनबाई रात्री रडवेली झाली. मग तिनेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे शोधून काढले: महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे या मजल्यावरच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त. आकड्याने तिला धीर आला की भीती वाढली, सांगता येत नाही.

सल्ला: दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या आत. लोहाचं सिरप, वजनाच्या हिशेबाने. (मात्रा मुद्दाम लिहीत नाही, दुसऱ्याच्या मुलाची मात्रा आपल्या मुलाला द्यायची नसते. बाटली कुलपात, लोहाचं सिरप लहान मुलाने जास्त प्यायलं तर विषारी ठरतं.) खर्च: फी ६००, तपासणी ३५०, सिरप १४०.

८ मार्च, शनिवार

पहिली युक्ती, दुधात पाणी वाढवत न्यायचं. फसली. बाटल्या तेवढ्याच राहिल्या, उलट एक वाढली. पोट पाण्याने भरलं आणि जेवण होतं तिथेच. बंद.

दुसरी युक्ती, एकेक बाटली काढायची. साडेदहाची आधी काढली, कारण ती भुकेची नसून कंटाळ्याची होती. त्या वेळेला खाली बागेत नेतो, तिथे बाटली आठवत नाही. दुपारची काढायला जास्त त्रास झाला. आता बाराच्या जेवणानंतर पेल्यात दूध, १५० मिली, आणि झोपताना नुसतं थोपटणं. पेला स्टीलचा, छोटा, नक्षीचा, हिच्या माहेरचा. पहिले काही दिवस निम्मं दूध अंगावर. पाच ते सहा घोटांत राग, मग हळूहळू जमलं.

रात्रीची आणि पहाटेची बाटली मुलाकडे सोपवली, शुक्रवार-शनिवारच्या रात्री, कारण दुसऱ्या दिवशी लोकल पकडायची नसते. पहाटे उठली तर पाणी, बाकी काही नाही. शेजारच्यांनी दार वाजवून विचारलं, पोरीला काय होतंय. झोपेत तोंडात बाटली राहिली की पुढचे दात किडतात, हे कारण सांगितल्यावर ही सुद्धा गप्प बसली.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणासाठी माळ्यावरून पुरणयंत्र काढलं आणि कामाची वस्तू सापडली.

अडचण ही होती की आमच्या नातीने सोळा महिन्यांत जेवणाच्या ताटात मिक्सरबाहेरचं काही पाहिलंच नव्हतं. अडकेल या भीतीने जेवण सगळं गंधासारखं गुळगुळीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नऊ-दहा महिन्यांपर्यंत मुलाला गुठळ्यांची ओळख व्हायला हवी, उशीर झाला की पुढे नखरे वाढतात. मिक्सरवरून एकदम मऊ भातावर उडी मारली होती ती साफ फसली. शीत जिभेला लागलं की ओकारी.

पुरणयंत्राच्या जाळ्या बदलता येतात. बारीक जाळीतून डाळ-तांदूळ काढले तर मिक्सरपेक्षा थोडं रवाळ येतं. तिला फरक कळला, पण चालला. काही दिवसांनी मोठी जाळी. त्यानंतर यंत्र नाही, पळीने घोटलेलं. मग हाताने कुस्करलेलं. प्रत्येक पायरीवर निदान आठवडाभर थांबलो. घाई केली तिथे मागे यावं लागलं.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर वेळ वाचला असता: पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं सगळ्यात अवघड. आमटीत शीतं, दुधात पोळीचे तुकडे. आपल्याला वाटतं ते सोपं, कारण ओलं आहे. पण मुलाला एकाच वेळी पाणी गिळायचं असतं आणि तुकडा चावायचा असतो. नात पाणी ओढून घ्यायची आणि शीतं जिभेने बाहेर लोटायची. एकसारखा, घट्टसर गुरगुट्या भात तूप-मेतकूट घालून दिला तर गेला. तोच भात पातळ वरणात बुडवला की परत.

आणि वरणाच्या वरच्या पाण्याबद्दल. हिचा त्यावर भारी विश्वास. सगळी डाळ तळाशी, वर हळदीचं पाणी. मी पळी तळापासून फिरवून घेतो, ती पलंगावरून पाहते.

१८ मार्च, मंगळवार

मोबाईल बंद. हे दूध तोडण्यापेक्षा जड गेलं.

गाणी लावली की तोंड उघडायचं आणि चमचा आत जायचा, खरं आहे. पण ती खात नव्हती, तिच्या तोंडात भरलं जात होतं. पोट भरल्याचंही तिला कळत नसे आणि गाणं थांबलं की तोच घास गालात धरून बसायची. मोबाईल काढल्यावर पहिल्या दिवशी जेवण चार चमचे. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी सूनबाईचा ऑफिसातून फोन, ‘बाबा, तिला काही तरी दाखवा हो, पण उपाशी ठेवू नका.’ मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब. संध्याकाळी उकडलेल्या रताळ्याचा गोळा स्वतःच्या हाताने उचलून खाल्ला. रताळ्याने आमच्या घरातली शांतता वाचवली.

त्याच आठवड्यात बसण्याची जागा पक्की केली. उंच खुर्ची जुनी घेतली, ९००. नवी पाच हजारांच्या पुढे. खुर्चीत पाय लोंबकळायचे, मग ती चुळबुळ करायची, मग उभी राहायची. जुन्या कपाटाची फळी कापून पायाखाली टेकू दिला, दोन स्क्रू. पाय टेकले की अंग स्थिर होतं आणि लक्ष ताटाकडे जातं. पंचवीस मिनिटांनी, खाल्लं असो नसो, खाली उतरवायचं. ताट घेऊन मागे मागे फिरणं बंद. ‘काऊचा घास, चिऊचा घास’ मात्र ठेवलं. त्यात ती स्वतः मला भरवते, म्हणून.

३० मार्च, रविवार, पाडवा

पाहुणे. श्रीखंड प्रत्येकाने बोटभर चाटवलं, बोटं बरीच होती. जेवण शून्य. कडुनिंबाचं पान मात्र तोंडात घालून चावलं आणि वेडंवाकडं तोंड करून पुन्हा मागितलं. पोरीची चव आम्हाला वाटत होती तेवढी नाजूक नाही.

हिच्या बहिणीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. माझी हरकत नाही. त्याला दूध लागत नाही.

पाहुण्यांपेक्षा रोजचे शेजारी हा मोठा प्रश्न. कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीत दिवसा दारं उघडी असतात, पोर कुणाच्याही घरात जाते आणि येताना हातात काही तरी असतं. ‘देऊ नका’ सांगून पाहिलं, काकूंना वाईट वाटलं, देणं थांबलं नाही. आता समोर एक छोटा डबा ठेवून आलोय. त्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे, मऊ रताळं, पिकलेल्या चिकूच्या फोडी, रोज बदलून. द्यायचंच तर यातलं द्या आणि चारच्या सुमाराला द्या. काकू खूश, कारण देण्याचा मान त्यांचाच. हा उपाय सगळ्या उपायांत स्वस्त ठरला.

४ एप्रिल, शुक्रवार

आज पोळीच्या तुकड्यावर ओकारी आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, मोठा आवाज, खोकला, तुकडा बाहेर. ही पलंगावरून उठायला निघाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. मी हात लावला नाही.

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरं इथेच मिक्सरकडे परत जातात. आवाज येतोय, खोकला येतोय, म्हणजे हवा चालू आहे. ती ओकारी, शरीर आपलं काम करतंय, त्यात बोट घालायचं नाही. बोटाने तुकडा आत ढकलला जातो. घाबरायचं ते आवाज बंद झाल्यावर: रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर. तेव्हा वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच दाब, आत आणि वर. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही, थापा आणि छातीवर दाब. दरम्यान दुसऱ्याने १०८ लावायचा. डेपोत प्रथमोपचार शिकलो होतो ते मोठ्या माणसांचे. मुलांचं डॉक्टरीणबाईंकडून परत शिकून घेतलं आणि सुनेला, मुलाला, समोरच्या काकूंनाही करून दाखवलं.

घरातून हद्दपार: शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे, गोळ्या. द्राक्षं उभी चार भागांत चिरून. दाणे फक्त बारीक कुटाच्या रूपात. जानेवारीत तिचं बोरन्हाण केलं होतं, डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे आणि पोरांची खाली झुंबड. फोटो छान आलेत. पुढच्या वर्षी चुरमुरे आणि बत्तासे पुरे.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी, मुलगा-सून घरी. नवीन पद्धत त्यांच्यासमोर चालवली.

ताटात थोडे थोडे तीन-चार प्रकार, त्यातला एक तिला नक्की आवडणारा. आज: भात-डाळीचा मऊ गोळा, भोपळ्याच्या वाफवलेल्या फोडी, अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या, दही. मग आपण आपलं जेवायचं. ‘खा ना’, ‘एकच घास’, ‘शाब्बास’, तिन्ही बंद. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची वाटणी करून ठेवली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. माझ्या मुलाला हे पटायला वेळ लागला, कारण त्याला मी लहानपणी ताट पुसून घ्यायला लावायचो.

भोपळा आज चुरगळला आणि खाली टाकला. परवा चाटला होता. मुलं नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कधीतरी स्वीकारतात असं सांगतात आणि आपण तीनदा नाकारल्यावर ‘तिला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. एकच फोड ठेवायची, वाया गेली तरी रुपयाभराची.

घाण प्रचंड होते. जुनी वर्तमानपत्रं पुरत नाहीत. टेबलाच्या मापाचं प्लास्टिक मीटरवर घेतलं, १२० रुपये, खुर्चीखाली अंथरतो आणि उचलून बाथरूममध्ये झटकतो. कपडे काढून जेवायला बसवतो, उकाड्यात तेच बरं. केसांत दही रोज.

२२ एप्रिल, मंगळवार

चांगलं चाललं होतं आणि अचानक जेवण बंद. भोपळा नाही, अंडं नाही, रताळंही नाही. सगळे जुन्या गोष्टींवर परत जायला निघाले. कारण ताटात नव्हतं. शी तीन दिवस झाली नव्हती, झाली ती खड्यासारखी. लोहाच्या सिरपने शी काळी होते हे सांगितलं होतं, घट्टही होते हे मी विसरलो. पोट भरलेलं असेल तर मूल जेवत नाही, मग ते दुधाने भरलेलं असो की तुंबलेलं.

पाणी वाढवलं, पेला खुर्चीजवळ कायम. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी कुस्करून, पाण्यासकट. पपई. भातावर तूप थोडं सढळ. दोन दिवसांत सुटलं, भूक परतली. सिरप बंद केलं नाही, डॉक्टरीणबाईंनी वेळ बदलून दिली: दूध आणि दही यांच्यापासून लांब, संत्र्याच्या फोडीबरोबर. आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. दातांवर डाग पडतात म्हणून जिभेच्या मागच्या बाजूला आणि वर दोन घोट पाणी.

२ मे, शुक्रवार

लोहाचं ताट. यावर घरात सगळ्यात जास्त वाद झाले, म्हणून सगळे मुद्दे लिहितो.

नाचणी. कॅल्शियमला उत्तम, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहाच्या बाबतीत तिची कीर्ती कामगिरीपेक्षा मोठी. चार-पाच मिलिग्रॅम असतं आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. मोड आणून दळली तर शोषण सुधारतं. आमचं सत्त्व दुधात शिजायचं, म्हणजे होतं तेही अडवलं जायचं. आता नाचणीचं धिरडं, पाण्यात भिजवलेलं, वर लिंबू.

बीट. लाल आहे म्हणून रक्त वाढवत नाही. चवीला आवडतं, देतो, हिशेबात धरत नाही.

कलेजी. कोंबडीची. आम्ही मालवणकडचे, घरात खातात, पण ‘एवढ्या लहान पोरीला?’ म्हणून कुणी देत नव्हतं. मांस-मासळीतलं लोह धान्य-भाजीतल्यापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. कुकरमध्ये आलं-लसणाबरोबर नीट शिजवून, पळीने चेपून, भातात मिसळून. पहिल्यांदा वासानेच तोंड फिरवलं. कांदा-टोमॅटोत परतून दिली तेव्हा गेली. आठवड्यातून एकदाच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. पाव किलो ४० रुपये, त्यात आम्हा दोघांचंही कालवण होतं.

ज्या घरी शाकाहार आहे त्यांच्यासाठी: मसूर, मटकी, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, तीळकूट आणि प्रत्येक वेळी सोबत लिंबू, टोमॅटो किंवा पेरू. सूनबाईच्या मैत्रिणीच्या मुलाचं असंच चाललंय.

बाजारात मिळणारं डबाबंद लहान मुलांचं अन्न आणलं नाही. १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात करायला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायला मनाई आहे. ज्या गोष्टीसाठी सरकारला एवढं करावं लागलं तिच्याविना आपलं चालतं, असं माझं मत.

१० मे, शनिवार

ओला बोंबील. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, ताजी मासळी महागणार, त्याआधी ओळख करून घ्यायची होती. बाजारातल्या मावशीला सांगितलं नातीसाठी, तिने मधला काटा अख्खा ओढून काढून दाखवला. घरी कडेचे मऊ काटेही बोटांनी चाचपून काढले. हळद, चिमूटभर मीठ, तांदळाच्या पिठात हलकं परतून. बोंबील तोंडात आपोआप विरघळतो, चावायचं कामच नाही. तिने दोन खाल्ले आणि माझ्या ताटाकडे हात केला.

मांदेली नको, काटे फार. पापलेट झकास, पण भाव विचारून परत आलो.

१६ मे, शुक्रवार

हापूस. बाकी सगळं बंद. आमटी-भात समोर ठेवला तर ‘आंबा’ हा शब्द स्पष्ट उच्चारून ताट लोटते. शब्द नवा, सगळ्यांना कौतुक. आंबा आता जेवणासोबतच, ताटात एकाच वेळी, एक फोड, परत मागितली तरी पुढच्या जेवणाला. जेवणानंतरचं बक्षीस केलं तर भाताची शिक्षा होते. आमरस पेल्यात देणं बंद, तो दुधासारखाच गटागटा जातो आणि पोट भरतो.

२६ मे, सोमवार

मुंबईत पाऊस दाखल, हवामान खात्याच्या नोंदीत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. सगळीकडे पाणी, मुलगा घरीच. नातीला ताप आणि सर्दी. जेवण शून्य, दूध हवं. दिलं. पेज, नारळपाणी आणि पेल्यातून दूध, जेवढं मागेल तेवढं. कुणी म्हणालं सगळी मेहनत वाया गेली. आजारात भूक जातेच, पाणी जात राहिलं आणि लघवी होत राहिली म्हणजे झालं. ताप उतरल्यावर चार-पाच दिवसांत भूक दुप्पट होऊन आली, तेव्हा एक जास्तीचं जेवण वाढवलं. हे वहीत मुद्दाम लिहितो: आजाराच्या आठवड्यात वजन करायचं नाही. आम्ही केलं, पावशेर कमी भरलं आणि दोन रात्री कुणी झोपलं नाही.

१७ जून, मंगळवार

हिमोग्लोबिन ११.३. वजन ९.७. सिरप अजून तीन महिने, कारण आकडा वर आला तरी शरीरातला साठा भरायचा असतो. इथे बरीच घरं औषध थांबवतात. तपासणी ३५०, फी ६००.

आताचा दिवस: उठल्यावर पेल्यात दूध २०० मिली. साडेआठला धिरडं, घावन किंवा उपमा. अकराला फळ. साडेबाराला जेवण. चारला काकूंचा डबा. आठला आमच्याबरोबर जेवण, नंतर दूध १५० मिली. मध्ये फक्त पाणी. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, हे सांभाळलं नाही त्या दिवशी बाकी काहीही करा, ताट परत येतं.

धिरड्याचं प्रमाण, कारण विचारलं जातं: मसूर आणि मूग डाळ अर्धी अर्धी वाटी भिजवून वाटायची, दोन चमचे नाचणीचं पीठ, किसलेला दुधी, आलं, जिरं, कोथिंबीर. तव्यावर जाडसर, झाकण ठेवून, मऊ राहील असं. पट्ट्या कापायच्या. कुरकुरीत करू नका, कडा टोचतात.

६ जुलै, रविवार, आषाढी

घरात उपास, तिला नाही. पण साबुदाण्याची खिचडी तिने हिच्या ताटातून स्वतःच्या मुठीने खाल्ली, कूट भरपूर घातलेली. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही, जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटात. साबुदाणे चिकट आणि गोळा होणारे, म्हणून थोडी थोडी आणि समोर बसून.

अजून न सुटलेलं: पालेभाजी. भाजी म्हणून एक पानही तोंडात जात नाही, थालीपिठात मेथी चालते. अळूचं फदफदं पाहूनच खुर्चीतून उतरते. मटणाचा तुकडा चावता येत नाही, चोखून परत देते. मागच्या दाढा आल्या नाहीत, दोन वर्षांच्या पुढे येतील. तोवर खिमा. वडिलांसमोर ती जास्त नखरे करते, कारण तो अजूनही चमचा घेऊन वाकतो.

एकूण खर्च, औषध-तपासण्या धरून, साडेतीन हजारांच्या आसपास. त्यात प्लास्टिक दोनदा बदललं. ही आता काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते आणि पळी माझ्या हातातून काढून घेते. वरणाचं पाणी वरचं की खालचं, यावर उद्यापासून नवीन वाटाघाटी. पुढची रक्ततपासणी सप्टेंबरात.